हातचें शुभेच्छापत्र

ठाण्याच्या वागळे इस्टेटचें नांव निघालें म्हणजे यंत्रांची आठवण होणें स्वाभाविक आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजीं मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालीं याच वसाहतींत एक छोटेखानी समारंभ झाला आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. पुढें येथील पुष्कळ कारखान्यांच्या जागीं कचेऱ्या उभ्या राहिल्या. तरी रस्त्यांना नांवांऐवजीं क्रमांक असलेल्या या वसाहतीवरील यंत्रयुगाची छाप पुसली गेलेली नाहीं. यंत्राचा मोठा गुण हा कीं, त्यानें केलेली हजारावी वस्तु पहिलीसारखीच असते.

याच परिसरांत एका मोठ्या आवारांत ठाण्याचें प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १९०१ सालीं स्थापन झालेली ही संस्था वयानें महामंडळाहून एकसष्ट वर्षांनीं वडील आहे. येथील व्यवसायोपचार विभागांत रुग्णांच्या हातून पणत्या, आकाशकंदील, शुभेच्छापत्रें अशा वस्तु तयार होत आल्या आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास त्या लोकांपुढें विक्रीसाठीं मांडल्याहि गेल्या आहेत. या वस्तूंत दुसरी पहिलीसारखी क्वचितच असते. जें पत्र छापखाना क्षणार्धांत काढतो, त्यासाठीं माणसानें तासभर बसावें हें कशाकरितां? याचें उत्तर मिळविण्यासाठीं आधीं तें पत्र होतें कसें हें पाहिलें पाहिजे.

शुभेच्छापत्राचा इतिहास टपालाच्या इतिहासाशीं जोडलेला आहे. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीच्या हांशिलांत देशभर पत्र पाठविण्याची सोय झाली. त्यानंतर तिसऱ्याच वर्षीं हेन्री कोल या गृहस्थानें, नाताळांत इतक्या स्नेह्यांना निरनिराळीं पत्रें लिहिणें शक्य नाहीं म्हणून, जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलें व त्याच्या हजार प्रती छापविल्या. म्हणजे छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळीं वेळेच्या टंचाईतून झाला. हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड १८७९ सालीं आलें. महाराष्ट्रांत या प्रघातास संक्रांतीनें आपलें रूप दिलें. पाकिटांत चिमूटभर तिळगूळ घालून त्यासोबत चित्र छापलेलें संक्रांतीचें पत्र दूरच्या आप्तेष्टांस धाडण्याची रीत कित्येक घरांतून होती. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून एकच चित्र एका क्षणांत शंभर घरीं जातें. अशा काळीं हातानें केलेलें पत्र दारीं आलें तर लोक तें उलटसुलट करून पाहतात. कारण आपल्यासाठीं कोणीतरी वेळ खर्च केला हें त्यांतून दिसतें.

पत्र करावयास बसण्यापूर्वीं कागदाचा स्वभाव ओळखला पाहिजे. यंत्रावर झालेल्या कागदांत तंतु बहुतांशीं एकाच दिशेनें असतात. त्या दिशेस धरून घडी घातली तर ती सरळ बसते. तिच्या विरुद्ध घातली तर कागद तडकतो आणि घडीवर बारीक पांढऱ्या कुसा दिसूं लागतात. यासाठीं कागद न मोडतां आधीं उभा व मग आडवा हलकेच वांकवून पाहावा. ज्या बाजूनें तो कमी विरोध करतो, ती घडीची बाजू समजावी. हातकागदास ही अडचण फारशी नसते. चिंध्यांचा लगदा चाळणीवर घेतांना ती सर्व बाजूंनीं हालवितात, त्यामुळें तंतु एकमेकांत कसेहि गुंततात. जुन्नर आणि दौलताबादेजवळचें कागजीपुरा हीं गांवें अशा कागदासाठीं एके काळीं प्रसिद्ध होतीं. पुण्यास १९४० सालीं हातकागद संस्था निघाली ती ही मागें पडलेली कला पुन्हां उभी करण्यासाठींच.

साध्या पत्रास दर चौरस मीटरला दोनशें ग्रॅम वजनाचा कागद पुरे. दुकानांत तो ‘दोनशें जीएसएम’ म्हणून मागावा. कचेरींत वापरतात त्या ए-फोर आकाराचा कागद मधोमध दुमडला म्हणजे २१ सेंटिमीटर उंच व जवळजवळ १५ सेंटिमीटर रुंद असें पत्र होतें. पाकीट मात्र आधीं आणावें आणि पत्र त्याहून चारपांच मिलिमीटर लहान कापावें. नवशिके बहुधा याच्या उलट करतात, आणि सुंदर पत्र तयार झाल्यावर त्यास पाकीट मिळत नाहीं. घडीच्या रेषेवर पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननें एक रेघ दाबून ओढावी. या रेघेनें कागद कोठें वांकावयाचा हें ठरून जातें. मग घडी घालून ती चमच्याच्या पाठीनें घोटावी.

चित्र काढतां येत नाहीं, ही सबब येथें चालत नाहीं. रंगीत कागद दुमडून त्याच्या दुमडलेल्या कडेवर अर्ध्या पणतीची रेघ काढावी व कात्रीनें ती कापावी. कागद उलगडला कीं दोन्ही बाजूंनीं सारखी पणती हातीं येते. आंब्याचें पान, कमळ, पतंग हींहि याच युक्तीनें होतात. एका पत्रावर असें एक चित्र पुरे, भोंवतालची जागा मोकळी ठेवावी. चिकटविण्यास मैद्याची खळ स्वस्त व चांगली. पण तींत पाणी असतें, आणि पाणी लागलेला कागद फुगतो. खळ जास्त झाली कीं चित्राला सुरकुत्या पडतात. म्हणून ती अगदीं पातळ थरानें, मध्यापासून कडेकडे लावावी. आणि पत्र दोन कोऱ्या कागदांमध्यें ठेवून रात्रभर जड पुस्तकाखालीं दाबावें. खळ शिजवितांना चिमूटभर तुरटी घातली तर ती लवकर नासत नाहीं.

ज्यांस कागदापेक्षां कापड हातीं धरणें सोपें वाटतें त्यांच्यासाठीं नमदा, म्हणजे बाजारांतील फेल्ट, उत्तम. मेंढीच्या लोकरीच्या केसावर अतिशय सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला म्हणजे ते एकमेकांत अडकतात, आणि विणल्यावांचूनच कापड तयार होतें. काश्मीरचे व कच्छचे नमदे असेच होतात. दुकानांत मिळणारें रंगीबेरंगी फेल्ट बहुधा कृत्रिम तंतूंचें असतें व तें कांटेरी सुयांनीं टोंचून टोंचून गुंतविलेलें असतें. दोहोंतहि उभा-आडवा धागा नसल्यामुळें कापलेली कड उसवत नाहीं व ती दुमडून शिवावी लागत नाहीं. हिरव्या फेल्टचीं वीतभर लांबीचीं पानें कापून त्यांवर मधल्या शिरेच्या जागीं धावदोरा घालावा, आणि देंठाकडून तीं एका जाड दोऱ्यांत ओंवावीं. असें आंब्याच्या पानांचें तोरण दसऱ्याला दारावर लागलें तर पुढील वर्षींहि तेंच पेटींतून काढतां येतें.

आकाशकंदिलास पूर्वापार बांबूच्या कामट्या व पतंगाचा कागद लागतो, आणि सांगाडा बांधण्यास सराईत हात लागतो. त्याहून सोपा प्रकार असा. जाड रंगीत कागद लांबीच्या दिशेनें दुमडावा. दुमडलेल्या कडेपासून दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर चिरा द्याव्या. मात्र समोरच्या कडेपाशीं तीन सेंटिमीटरांचा पट्टा अखंड राखावा. कागद उलगडून त्याचें नळकांडें करावें. आंत दुसऱ्या रंगाच्या पातळ कागदाचें, पण उंचीनें दोन बोटें कमी, असें नळकांडें बसवून दोहोंच्या वरच्या व खालच्या कडा जुळवून चिकटवाव्या. म्हणजे बाहेरच्या पट्ट्या आपोआप फुगून येतात. खालीं झिरमिळ्या लावाव्या. आंत कमी तापणारा लहानसा एलईडी दिवा सोडावा. पेटती वात या कंदिलांत कधींहि ठेवूं नये.

वरील कृतींपैकीं कोणतीहि फारशी अवघड नाहीं. परंतु प्रत्येक कृति निराळी आहे, आणि व्यवसायोपचाराचें मर्म येथेंच आहे. दीर्घकाळच्या मानसिक आजारांत मनुष्याच्या विचारांनाच धक्का बसतो असें नाहीं. काम हातीं घेण्याची इच्छा, एका ठिकाणीं लक्ष लावण्याची शक्ति, दिवसाचा क्रम, चारचौघांत बसण्याचा धीर हींहि हरपतात. औषधानें भास थांबले तरी हें सर्व आपोआप परत येतेंच असें नाहीं. इंग्लंडांतील यॉर्क येथें १७९६ सालीं उघडलेल्या ‘रिट्रीट’ या संस्थेनें सौम्य वागणूक व नित्याचें काम यांस उपचारांत स्थान दिलें होतें. पुढें या विचारास शास्त्राचें रूप आलें. आपल्याकडे या शास्त्राची पहिली शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं निघाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर या जन्मानें अमेरिकन आणि विवाहानें महाराष्ट्रीय होत्या.

या शास्त्रांत कामाच्या पायऱ्या पाडतात. ज्यास पांच मिनिटेंहि स्वस्थ बसवत नाहीं त्यास प्रथम घड्या घोटावयास देतात, कारण ते काम क्षणांत संपतें व संपलेलें दिसतें. ज्याचा हात औषधानें किंवा वयानें कांपतो, तो कात्री न घेतां पट्टीच्या कडेवर कागद फाडूं शकतो. फाटलेली मऊ कड हातकागदाला शोभतेहि. ज्यास बोलावयाचा संकोच, त्यानें शेजाऱ्याकडे खळीची वाटी मागावी एवढें बोलणें पहिल्या दिवशीं पुरे. पुढें मोजणें येतें, मग रंगांची निवड येते, आणि शेवटीं पत्रांत काय लिहावयाचें हा प्रश्न येतो. एकाच पत्राच्या निमित्तानें मनुष्य हळूहळू स्वतः ठरविण्यापर्यंत येऊन पोंचतो. उपचाराच्या दृष्टीनें खर्च झालेला तासच येथें कमाई आहे.

मात्र या गोष्टीस एक काळी बाजूहि आहे. उपचाराच्या नांवाखालीं रुग्णांकडून फुकट काम करून घेण्याचे प्रकार जगांतील अनेक जुन्या वेडखान्यांतून झाले. म्हणून २९ मे २०१८ पासून अंमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ या कायद्याच्या विसाव्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, रुग्णावर कामाची सक्ति करतां येणार नाहीं, आणि त्यानें काम केलें तर त्यास योग्य मोबदला मिळाला पाहिजे. काम उपचार आहे कीं वेठ, हें पारखण्यास यावरून दोन साधे प्रश्न मिळतात: त्यास ‘नको’ म्हणतां येतें काय? आणि त्याच्या श्रमाचा पैसा त्याच्या हातीं येतो काय?

ग्राहकाचीहि एक जबाबदारी आहे. अशा ठिकाणचें पत्र घेतांना पुष्कळ लोक त्याकडे न पाहतांच पैसे टाकतात. घडी वांकडी असली तरी ‘असूं दे, बिचाऱ्यांनीं केलें आहे’ असें म्हणतात. यांत सद्भाव असतो, परंतु करणाऱ्यास जें हवें असतें तें मिळत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफची मदत चेकोस्लोव्हाकियांतील एका खेड्यांत पोंचली, तेव्हां यित्का सामकोव्हा या सात वर्षांच्या मुलीनें आभाराचें एक चित्र काढलें. कागद मिळेना म्हणून तें काचेवर रंगविलें. १९४९ सालीं युनिसेफचें पहिलें शुभेच्छापत्र निघालें तें याच चित्राचें. त्यांत आनंदानें फेर धरणारीं मुलें आहेत. तें चित्र दया मागत नाहीं. एका मुलीनें दिलेली ती भेट आहे, आणि ती भेट म्हणूनच घेतली गेली.

हीच गोष्ट घरांतहि खरी आहे. सुटींतलें मूल, हात कांपणारे आजोबा, नोकरीवरून निवृत्त होऊन दिवस मोठा वाटूं लागलेली आत्याबाई, यांना एका मेजाभोंवतीं बसवून एकेक पायरी वांटून द्यावी. आजोबांनीं घडी घोटावी, मुलानें कापावें, आत्याबाईंनीं मजकूर लिहावा. कोणाचें काम दुसऱ्यानें हळूच नीट करून ठेवूं नये. तें ज्याचें त्यास कळतेंच, आणि दुसऱ्या दिवशीं तो मेजापाशीं येत नाहीं. चुकलें असेल तर चुकलें म्हणून सांगावें आणि नवा कागद द्यावा.

येत्या दिवाळींत रुग्णांनीं केलेलीं पत्रें कोठें विक्रीस मांडलेलीं दिसलीं तर तीं हातांत घेऊन नीट पाहावीं. घडी सरळ आहे काय, कडा जुळल्या आहेत काय, पत्र मिटल्यावर सपाट बसतें काय हें तपासावें. चांगलें असेल तें निवडून त्याची पुरी किंमत द्यावी, आणि उणें दिसेल तें तेथील लोकांस आदरपूर्वक सांगावें. पत्र पाहून मग घेतलें गेलें हें करणाऱ्याच्या कानीं गेलें, तर पुढच्या पत्राची घडी घालतांना तो पट्टी जरा अधिक जपून धरील.