घरी शिकणारी मुलं : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

खारदांड्याच्या कोळीवाड्यात डोल कुठे लावावी, जाळं कसं सांधावं, बोंबील वलांडीवर कधी घालावेत आणि कधी उतरवावेत, हे कुणी वर्गात बसून शिकलेलं नाही. ते ज्ञान घरातच एका पिढीकडून दुसरीकडे आलं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर येतात, जाळ्यांची डागडुजी सुरू होते आणि मोठ्यांच्या शेजारी बसलेली मुलं बघता बघता शिकतात. हे खरंखुरं शिक्षण आहे, तरी त्याला होमस्कूलिंग म्हणत नाहीत. होमस्कूलिंगमध्ये आईवडील भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, खेळ, कला अशी शाळेची अख्खी जबाबदारी समजून-उमजून स्वतःकडे घेतात आणि ती वर्षानुवर्षं निभावतात.

मुंबईत हा शब्द आता बऱ्यापैकी कानावर पडतो. इमारतीतलं एखादं मूल सकाळी दहा वाजता खाली सायकल चालवताना दिसलं की शेजारीपाजारी विचारतात, ‘शाळा नाही का रे तुला?’ मग नातेवाइकांच्या शंका सुरू होतात. त्यातल्या काही रास्त असतात, पण पुष्कळशा अपुऱ्या माहितीवर उभ्या असतात.

गैरसमज १ : घरी शिकणारं मूल म्हणजे शाळा सोडलेलं मूल.

वस्तुस्थिती : दोघांचीही नावं शाळेच्या पटावर नसतात, साम्य एवढंच. सरकारी भाषेत ज्याला ‘शाळाबाह्य’ म्हणतात, ते मूल बहुतेकदा गरिबी, स्थलांतर, आजारपण किंवा घरकामामुळे शिक्षणापासून तुटलेलं असतं. होमस्कूलिंगमध्ये शिक्षण थांबत नाही, त्याची जागा बदलते.

ही सीमारेषा जपावीच लागते. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाने घरच्या व्यवसायात मदत करायला तिने मुभा दिली, पण काम धोकादायक नसावं आणि ते शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत असावं, अशी अट घातली. म्हणजे मासळीच्या टोपल्या उचलण्यात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर दिवस घालवणाऱ्या मुलाला ‘ते घरीच शिकतंय’ असं म्हणून कुणालाही सुटता येणार नाही. होमस्कूलिंगची बाजू घेणाऱ्यांनी ही गोष्ट सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने सांगितली पाहिजे.

गैरसमज २ : हे बेकायदेशीर आहे, पालकांना शिक्षा होते.

वस्तुस्थिती : १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं त्याचं दहावं कलम सांगतं. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकासाठी कायद्यात दंड किंवा कैद नाही. सक्ती आहे ती मुख्यतः सरकारवर : शाळा उभी करा, मुलाला तिथे आणा, त्याची हजेरी आणि शिक्षण पूर्ण होईल असं पाहा. होमस्कूलिंगला परवानगी देणारं किंवा त्यावर बंदी घालणारं स्वतंत्र कलम त्यात नाही. नोंदणीची, तपासणीची व्यवस्थाही नाही.

त्यामुळे ‘गुन्हा आहे’ हे चुकीचं आणि ‘कायद्याने पूर्ण मान्यता आहे’ हेही चुकीचं. भारतातली ही कुटुंबं कायद्याने मोकळ्या सोडलेल्या जागेत उभी आहेत. इतर देशांनी आपापली उत्तरं ठरवली आहेत. अमेरिकेच्या सर्व राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे, नियम मात्र राज्यागणिक वेगळे. जर्मनीत मुलाने शाळेत हजर राहणं सक्तीचं आहे, आणि त्याविरुद्ध एका कुटुंबाने केलेली तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळली.

सक्तीच्या शिक्षणाकडे महाराष्ट्राने तुच्छतेने पाहू नये, कारण ती लढून मिळवलेली गोष्ट आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते मंजूर झालं नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ज्या जातींना शतकानुशतकं पाटीला हात लावू दिला नव्हता, त्यांच्या मुलांसाठी ती सक्ती म्हणजे संरक्षण होतं. आजही लाखो मुलांसाठी ती संरक्षणच आहे.

गैरसमज ३ : हे अमेरिकेतून आलेलं खूळ आहे.

वस्तुस्थिती : आजच्या चळवळीवर जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकाचा प्रभाव आहे, हे खरं. त्यांचं ‘हाउ चिल्ड्रन फेल’ १९६४ साली आलं, आणि मुलाच्या कुतूहलामागे जाणाऱ्या पद्धतीला ‘अनस्कूलिंग’ हे नावही त्यांच्यापासूनच रूढ झालं. पण घरी शिकून मोठी झालेली माणसं महाराष्ट्राला नवी नाहीत. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना आई लक्ष्मीबाईंनी तीर्थयात्रेच्या भटकंतीत संस्कृत शिकवलं, आणि पुढे १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. रमाबाई रानड्यांनी अक्षरं गिरवली ती लग्नानंतर, न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात. सावित्रीबाईंचे पहिले शिक्षक जोतीरावच होते.

फरक मात्र विसरू नये. त्या बायका घरी शिकल्या, कारण शाळेचं दार त्यांना बंद होतं. आजचं होमस्कूलिंग उघड्या दारासमोर उभं राहून केलेली निवड आहे.

गैरसमज ४ : घरी फळा टांगून आईने दिवसभर शिकवायचं.

वस्तुस्थिती : काही घरांत खरोखर वेळापत्रक असतं आणि बालभारतीची किंवा केंद्रीय मंडळाची पुस्तकं धडा-धडा करून पूर्ण होतात. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. काही घरं एकेक विषय धरून महिनाभर त्यातच रमतात. काही घरांत मूल विचारेल ते, मूल विचारेल तेव्हा. बहुतेक कुटुंबं एका पद्धतीने सुरुवात करतात आणि मूल पाहून ती बदलतात. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात हजेरी, शिस्त, वह्या तपासणं यांत जो वेळ जातो तो घरी वाचतो, म्हणून पुस्तकी अभ्यासाला दिवसाचे थोडे तास पुरतात.

उरलेला दिवस शहर शिकवतं. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान या तर ठरलेल्या जागा. खारदांड्यालगत कार्टर रोडला ओहोटी लागली की खडकांच्या फटींतून खेकडे, समुद्रफुलं, शंखातले जीव दिसू लागतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून अशा किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जातो. भरती-ओहोटीची वेळ रोज का सरकते, हा प्रश्न तिथे आपोआप पडतो आणि चंद्राचा धडा सुरू होतो.

गैरसमज ५ : दहावी-बारावी होत नाही, कॉलेज मिळत नाही.

वस्तुस्थिती : पालकांच्या पोटात गोळा येतो तो इथे, आणि नेमकी इथेच व्यवस्था सर्वांत स्पष्ट आहे. ‘बाहेरून दहावी’ करण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच. राज्य मंडळाचा सतरा नंबर फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवी स्तराचीही परीक्षा आहे.

पण अशा कुटुंबांच्या बोलण्यात सर्वाधिक येणारं नाव म्हणजे एनआयओएस, अर्थात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. केंद्र सरकारने ती १९८९ मध्ये स्थापन केली. दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय घ्यायचे, त्यांत किमान एक भाषा. गणित सक्तीचं नाही. चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र असे विषय निवडता येतात. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सगळे विषय एकदम न देता पाच वर्षांच्या मुदतीत सुटे सुटे देता येतात. जिला आकडे वाचतानाच अडचण होते किंवा जो दिवसाचे सहा तास सरावात घालवतो, अशा मुलांसाठी ही मोठीच सोय आहे. पाच विषयांसह बारावी असेल, तर अभियांत्रिकीच्या जेईईला हे प्रमाणपत्र चालतं. वैद्यकीयच्या नीटमधून मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वगळणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली.

परीक्षा पूर्णपणे टाळली तर काय होतं, हेही मुंबईच्याच उदाहरणातून कळतं. दादरच्या शाळेत सातवीपर्यंत उत्तम गुणांनी शिकलेल्या मालविका जोशीला तिच्या आईने, सुप्रिया जोशींनी, शाळेतून काढून घरी शिकवलं. संगणक-प्रोग्रॅमिंगमध्ये रमलेल्या मालविकाने आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली सतराव्या वर्षी अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळवला. बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार मात्र बंद होतं. चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूटने तिची तयारी पाहून तिला घेतलं होतं. तिची गुणवत्ता असामान्य होती. बाकीच्या मुलांनी प्रमाणपत्राची वाट मोकळी ठेवणंच शहाणपणाचं.

गैरसमज ६ : मूल एकलकोंडं होतं.

वस्तुस्थिती : होऊ शकतं, पण व्हायलाच हवं असं नाही. शाळेत एकाच वयाची मुलं आपोआप भेटतात. घरी शिकणाऱ्या मुलासाठी ती भेट आईवडिलांना जुळवावी लागते. त्यासाठी ‘स्वशिक्षण’सारखे होमस्कूलिंग कुटुंबांचे गट आहेत, मैदान आहे, नाटकाची तालीम आहे, वाचनालय आहे. अशी मुलं लहानग्यांशी आणि आजीआजोबांशी सहज बोलतात, कारण त्यांचा दिवस सगळ्या वयांत जातो. निरनिराळ्या जातीधर्मांची आणि वर्गांची मुलं एका बाकावर बसतात, हे चांगल्या शाळेचं बळ आहे. ज्या घराने ती संगत मुलाला मिळवून दिली नाही, तिथे उणीव राहतेच.

गैरसमज ७ : हा श्रीमंतांचा किंवा शाळेत न जमलेल्यांचा मार्ग आहे.

वस्तुस्थिती : कारणं घरागणिक वेगळी असतात. कुणाला अध्ययन-अक्षमता आहे आणि शाळा समजून घ्यायला तयार नाही. कुणाला वर्गातल्या छळाने रोज सकाळी पोटात दुखतं. कुणी बुद्धिबळ, नृत्य किंवा पोहण्यात बुडालंय, कुणाच्या वडिलांची दर दोन वर्षांनी बदली होते. काहींना घोकंपट्टी आणि गुणांची शर्यत मान्य नाही. कोरोनाकाळात घरी बसलेल्या वर्गांनी आणखी काही पालकांना विचारात पाडलं.

खर्च फीचा नसतो, वेळेचा असतो. दोघांपैकी एकाला नोकरी सोडावी किंवा कमी करावी लागते, आणि बहुतेक घरांत ती आईच असते. या श्रमाची किंमत होमस्कूलिंगच्या कौतुकात क्वचित मोजली जाते. शिवाय पटावर नाव नसलेल्या मुलाला सरकारी शाळेचा पोषण आहार आणि मोफत पुस्तकं मिळत नाहीत. जिथे दोघंही पहाटेपासून मासळीबाजारात किंवा कामावर असतात, तिथे महापालिकेची शाळाच मुलाचा भक्कम आधार ठरते. अशा कुटुंबाला होमस्कूलिंगचा सल्ला देणं अन्यायाचं होईल.

शाळा सोडण्याआधी

परतीची वाट बंद होते, ही भीतीही निराधार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, तरी त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही.

तरी कागद जपलेले बरे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जुन्या प्रगतिपुस्तकांच्या प्रती एका फाइलीत ठेवाव्यात. पुढे सतरा नंबर फॉर्म किंवा एनआयओएसचा अर्ज भरताना याच कागदांची गरज लागते. मुलाने काय वाचलं, काय बनवलं, कुठे गेलं याची तारखेसह वही ठेवावी. आणि निर्णय घेताना सहा वर्षांच्या मुलालाही त्याचं म्हणणं विचारावं, दरवर्षी नव्याने विचारावं, आणि ते ‘मला शाळेत जायचंय’ म्हणालं तर जूनमध्ये जवळच्या शाळेत त्याचं नाव घालावं.