मासिकातली फॅशन-छायाचित्रे आणि आपली जुनी घरे

मासिकात एकाच कल्पनेभोवती गुंफलेली आठ-दहा पाने छायाचित्रे येतात, त्यांना त्या व्यवसायात ‘एडिटोरियल’ म्हणतात. अग्रलेखाशी त्याचा संबंध नाही. जाहिरातीत कंपनी पैसे मोजते. इथे कल्पना मासिकाची, कपडे निरनिराळ्या डिझायनरांकडून उसने आणलेले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांची नावे छापतात.

आपला पेडण्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून मांद्रे-हरमलला सूर्यास्तापूर्वीचा तास छायाचित्रकाराला सोन्यासारखा. (मोरजीला कासवे अंडी घालतात. त्या दिवसांत रात्री दिवे लावले, तर पिल्ले समुद्र सोडून उजेडाकडे वळतात. तिथे रात्रीचे शूटिंग नकोच.) दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. तेव्हा मंडळींना ओसरी, राजांगण लागते आणि पेडणे-डिचोलीतल्या जुन्या घरांची विचारपूस होते.

घर द्यायला हरकत नाही, पण लेखी करार करूनच. बँकेतली सवय म्हणा हवे तर! घर आपले असले तरी छायाचित्रांचा हक्क आपल्याकडे येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा चित्रे त्या मासिकापुरतीच की पुढे जाहिरातीतही, हे आधी लिहून घ्यावे. देवघर वगळायचे का, मोडतोड झाल्यास भरपाई किती, हेही.

आणखी एक अट घालावी. नदीपलीकडच्या कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीला तिच्या नावानिशी मान मिळवून दिला. तसे त्या बारीक अक्षरांत नुसते ‘गोवा’ नको, आपल्या गावाचे नाव छापून घ्यावे.