शेजारच्यांसाठी लावलेलं नक्षत्र

गोव्यात डिसेंबर लागला की घराघरांवर नक्षत्रं दिसू लागतात. येशूच्या जन्मावेळी उगवलेल्या ताऱ्याची ती आठवण. बार्देशातल्या आमच्या वाड्यावर हिंदू आणि ख्रिस्ती घरं लागून लागून आहेत. आमचा आकाशकंदील उतरतो न उतरतो तोच शेजारी नक्षत्र चढतं.

2021 साली मात्र दोन्ही अंगणांत अंधार होता.

त्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचे आजोबा गेले आणि चार दिवसांनी शेजारचे अंकल. कुणालाच नीट निरोप देता आला नाही. पाठोपाठ तौक्ते वादळ आलं. झाडं पडली, वीज गेली. वीज परत आली, पण आजी स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. मी तेव्हा दहावीत होतो. रोज तिला खिडकीशी बसलेली बघायचो आणि काय बोलावं ते सुचायचं नाही.

दिवाळी आली. दुखवट्याच्या वर्षात सण करायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नरकचतुर्दशीला आमच्याकडे पोह्यांचे नाना प्रकार होतात. त्या सकाळी चुलीवर फक्त चहा होता. इतक्यात आंटी दारात उभी. हातात झाकलेला डबा, त्यात गुळाचे पोहे.

"इतकी वर्षं तुमच्या हातचे खाल्ले वहिनी, आज माझ्या हातचे खा," ती आजीला म्हणाली.

गूळ जरा जास्तच पडला होता. आजीने मुकाट्याने वाटी संपवली.

नाताळ जवळ आला. ख्रिस्ती घरांत दोदोल, बेबिंका, कुळकुळं, नेवऱ्या करून शेजाऱ्यांना वाटतात. या वाटण्याला कोंसुआदा म्हणतात. पण ज्या घरात कुणी गेलेलं असतं, त्या घरात त्या वर्षी गोडधोड करत नाहीत. इतरांनी आणून द्यायचं असतं. हे मला आईने सांगितलं तेव्हा वाटलं, हे तर हुबेहूब आपल्यासारखंच!

23 तारखेला आजीने एकदम विचारलं, "तिच्याकडे नेवऱ्या कोण देणार?"

"आपलंच वर्ष सरलेलं नाही. कढई कशी चढवायची?" आई म्हणाली.

"सण आपला कुठे आहे? कढई तिच्यासाठी चढेल."

आणि सात महिन्यांनी आजी उठून स्वयंपाकघरात गेली. चवथीला करते तशाच नेवऱ्या, तेच खोबऱ्याचं सारण. हात थरथरत होते, पण मुरड मात्र नेहमीसारखी.

मला राहवलं नाही. माळ्यावर आजोबांनी आकाशकंदिलासाठी सोलून ठेवलेल्या बांबूच्या कामट्या होत्या. त्यांना हात लावायचं आजवर धाडस झालं नव्हतं. त्या काढल्या, पाच टोकांचं नक्षत्र बांधलं, मैद्याची खळ करून पतंगाचा कागद चिकटवला. एक टोक वाकडंच राहिलं.

24 तारखेच्या संध्याकाळी ते घेऊन आंटीकडे गेलो. तिने मान हलवली. "या वर्षी नको रे बाबा."

"तुमच्या घरावर नाही लावत, आंटी. आमच्या अंगणात लावतो. फक्त तुमच्या खिडकीतून दिसेल असं."

ती काही वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "देव बरें करूं."

मध्यरात्री चर्चच्या घंटा वाजल्या तेव्हा आजी आणि आंटी बाहेर सोप्यावर बसल्या होत्या. मधे नेवऱ्यांचं ताट, समोर आमच्या आंब्याला टांगलेलं वाकडं नक्षत्र.

"साखर कमी पडली वहिनी," आंटी म्हणाली.

"मग तुझ्या पोह्यांतला गूळ घालायला हवा होता," आजी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मे महिन्यानंतर आजीचं हसू मी प्रथमच ऐकलं.

आता मी शिकायला पुण्यात आहे. पण त्या रात्री एक गोष्ट कळली ती कळलीच. आपल्या घरी दिवा लावायचं बळ नसतं, अशा वर्षीही दुसऱ्याच्या घरासाठी लावता येतो. आणि त्याचा उजेड आपल्या अंगणात पडल्यावाचून राहत नाही.

यंदा तुमच्या शेजारी एखादं घर नक्षत्राविना असेल, तर एक डबा घेऊन जाऊन या. साखर कमी-जास्त झाली तरी चालेल.