पन्नास पानांचे बागेतले लग्न

बागेतल्या लग्नाची आखणी पानांपासून सुरू होते. पाने म्हणजे जेवायला बसणारी माणसे. मुहूर्त, जागा, परवानगी, स्वयंपाक हे सगळे त्या आकड्यामागून येते, आणि शहरातल्या बागेत तो आकडा पन्नासच्या आसपास राहिला तरच लग्न तिथे मावते. पन्नास माणसे अर्धवर्तुळात तीन रांगांत बसली तर शेवटची रांग बोहल्यापासून जेमतेम वीस फुटांवर येते, त्यामुळे मंगलाष्टके माइकशिवाय सर्वांना ऐकू जातात. मधली वाट धरून एका खुर्चीला सुमारे दहा चौरस फूट लागतात, म्हणजे बसायला पाचशे चौरस फूट पुरतात. पंगतीत एका पानाला दोन फूट रुंदी लागते. पंचवीस-पंचवीस पाने समोरासमोर मांडली की पन्नास फुटांच्या एका पट्ट्यात सगळे एकदम जेवतात. आकडा शंभरावर गेला की माइक आला, माइकसाठी वीज आली, उन्हासाठी मांडव आला, मांडवासाठी खड्डे आले. तेवढ्या लग्नासाठी शहराबाहेर लॉन्स आहेत. ते बागेवर लादू नये.

मराठी घरात अवघड असते ती यादी कापणे. अमक्याला बोलावले आणि तमक्याला नाही, ही बोच वर्षानुवर्षे राहते. त्यावर उपाय आपल्याच रीतीत आहे. लग्नाआधीचे केळवण हे नातेवाइकांनी वधूला किंवा वराला जेवायला बोलावण्याचे निमित्त असते. छोटे लग्न ठरले की केळवणे मनापासून आणि वेळ काढून स्वीकारावीत. ज्या काकूंचे नाव यादीत नाही, त्यांच्या घरी जोडप्याने दोन तास निवांत बसावे. हॉलमधल्या रांगेत स्टेजवर चढून फोटो काढण्यापेक्षा ती भेट कितीतरी मोलाची ठरते. यादी करताना गुरुजी, फोटो काढणारा, वाढपी आणि गाडीचे चालकही धरावेत. घरची बेचाळीस माणसे म्हटली की पाने पन्नास होतात.

जागा शोधताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी. महापालिकेची बाग शहराच्या विकास आराखड्यात सर्वांसाठी राखलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ती खासगी समारंभाला दिली जात नाही. ही अडवणूक नव्हे. बंगळूरमधल्या एका बागेची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला, तेव्हा शहरातली मोकळी जागा ही तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याची गरज असल्याचे स्पष्ट झाले. मुंबईच्या शिवाजी पार्कवर भोवतालच्या रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितल्यावर उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते मैदान शांतता क्षेत्र ठरवले. म्हणून महापालिकेच्या बागेचा विचार असेल तर पहिली फेरी उद्यान विभागात मारावी आणि लेखी उत्तर घ्यावे. रखवालदाराचे तोंडी 'चालेल' हे उत्तर नव्हे. लग्नाच्या सकाळी कुलूप तसेच राहिले तर त्यात त्याचा दोष नसतो.

व्यवहारात तीन पर्याय उरतात. पहिला, संस्थांनी सांभाळलेल्या बागा आणि आवारे. पुण्याची एम्प्रेस गार्डन ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे आहे आणि तिथले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन प्रसिद्ध आहे. अशा प्रत्येक संस्थेचे नियम आणि तारखा वेगळ्या असतात, तेव्हा चौकशी थेट कार्यालयात करावी. दुसरा, जिमखाना किंवा क्लबची हिरवळ. तिथे बहुधा सभासदाच्या नावाने नोंदणी होते. तिसरा पर्याय सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित: सोसायटीतली बाग, मुंबईच्या बोलीत 'आर.जी.'. ती सर्व सभासदांच्या हक्काची असते. व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घेतली, शेजाऱ्यांना आठवडाभर आधी घरी जाऊन सांगितले आणि मुलांच्या खेळायच्या वेळा सोडल्या, तर आजी-आजोबांना लिफ्टने खाली उतरून नातवाच्या लग्नाला येता येते.

जिथे सार्वजनिक बागेत लग्नाला परवानगी मिळते, तिथेही अटी कडक असतात. न्यूयॉर्कच्या ८४३ एकरांच्या सेंट्रल पार्कमध्ये दर वर्षी कितीतरी लग्ने लागतात. वीसपेक्षा जास्त माणसे जमणार असतील तर तिथे परवाना काढावा लागतो, मांडव घालता येत नाही, तांदूळ वा पाकळ्या उधळता येत नाहीत, विस्तव पेटवता येत नाही. तिथे लग्न करणाऱ्या मराठी जोडप्याला होम घरी किंवा सभागृहात उरकून मग बागेत माळ घालावी लागते. नियमांचा हा साचा कोणत्याही बागेसाठी उत्तम आहे आणि परवानगी देणाऱ्याने मागितला नसला तरी आपण तो पाळावा.

लग्न कायद्याने पक्के होणे ही बाब जागेपेक्षा वेगळी आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी लागतो, आणि विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. विधी न करता नुसती नोंदणी केली तर हिंदू विवाह झाला असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. विधी बागेत झाला की घरात, याने फरक पडत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी ९० दिवसांत करायची असते. तिला तीन साक्षीदार लागतात. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही तर ती पुन्हा द्यावी लागते. या कायद्यातली एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते: जास्तीचे शुल्क भरून विवाह अधिकाऱ्याला कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या ठिकाणी बोलावता येते. विधी कोणताही चालतो. अट एकच, अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करत असल्याचे आपल्याला समजणाऱ्या भाषेत म्हणायचे. आंब्याखाली उभे राहून मराठीत म्हटलेली ती दोन वाक्ये पूर्ण कायदेशीर असतात. अधिकाऱ्यांची वेळ मात्र मुहूर्ताच्या आधी ठरवावी, नंतर नव्हे.

ऋतू निवडायचे काम पंचांगाने निम्मे करून ठेवले आहे. चातुर्मासात लग्ने होत नाहीत, तुळशीचे लग्न लागले की हंगाम उघडतो. तेव्हा पाऊस परतलेला असतो, गवत हिरवे असते आणि जमीन घट्ट झालेली असते. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा बागेतल्या लग्नाचा खरा काळ. वैशाखाचे मुहूर्त कितीही चांगले असले तरी बागेसाठी ते टाळावेत: दुपारी वळवाची भीती आणि सकाळी दहापासून ऊन. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावली दिवस येतो. त्या सुमारास माध्यान्ही झाडाची सावली बुंध्यापाशीच गोळा होते. डिसेंबरात याच्या उलट घडते. पुण्यात माध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो आणि तीस फुटी झाडाची सावली उत्तरेला सुमारे सत्तावीस फूट पसरते. सकाळी ती वायव्येकडे पडते. म्हणून नवाच्या किंवा दहाच्या मुहूर्ताला बोहले मोठ्या झाडाच्या वायव्येला मांडावे. होमासाठी वधूवर पूर्वेकडे तोंड करून बसतात, तेव्हा समोर झाड असले की ऊन डोळ्यांत येत नाही. गोरज मुहूर्ताचा उजेड सुंदर असतो, पण तो अर्धा तास टिकतो आणि मग जेवणे अंधारात येतात. पुण्यातल्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, हेही मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना आधी सांगावे.

जागा ठरल्यावर ती मुहूर्ताच्या वेळीच एकदा पाहावी. सकाळचे लग्न संध्याकाळी पाहिलेल्या जागेत ठरवले तर सावली, गर्दी, वारा सगळेच फसते. पाणी शिंपडणारे फवारे किती वाजता सुरू होतात, स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, चाकाची खुर्ची फाटकातून आत येते का, हे विचारावे. मग मान वर करून झाडे पाहावीत. वड, पिंपळ, सावर अशा उंच झाडांवर फुलोऱ्याच्या दिवसांत आग्या मधमाश्या येतात. त्यांचे मोहोळ फांदीच्या खालच्या बाजूला उघडे लोंबते, काळसर, अर्धगोल, कधी हात-दीड हात लांब. खालून ते वाळलेल्या सालीचा तुकडा वाटते. जरा वेळ पाहत राहिले की त्याच्या पृष्ठभागावरून लाट सरकल्यासारखी दिसते. ती लाट म्हणजे एकाच वेळी अंग हलवणाऱ्या शेकडो माश्या. होमाचा धूर आणि उग्र अत्तर दोन्हींनी त्या चवताळतात. मोहोळ दिसले तर ते काढायला लावू नये, लग्न दुसऱ्या झाडाखाली न्यावे. बागेत आधीपासून राहणाऱ्यांचा हक्क मोठा.

मांडव घालायचा नाही, तेव्हा सजावट जमिनीवरच राहते. दोन पाट, मागे कापडी पडदा, चार कोपऱ्यांना केळीचे खुंट कुंड्यांत रोवलेले, दाराशी रांगोळी. झाडांना खिळे ठोकू नयेत, तारा आवळू नयेत. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि झाडाला इजा करणेही त्यात गुन्ह्यात मोडते. तोरण बांधायचेच असेल तर सुती दोरीने सैल बांधून त्याच दिवशी सोडावे.

विधींना मोकळी हवा मानवते, थोडी तयारी मात्र लागते. वाऱ्याने अंतरपाट फडफडतो. त्याच्या खालच्या काठात बारीक काठी ओवली की तो सरळ राहतो. समई काचेच्या आडोशाला ठेवावी. अक्षता हा सर्वांत नाजूक भाग आहे. पन्नास जणांना मूठ-मूठ दिली तरी दोन किलो तांदूळ गवतात जातात आणि ते वेचता येत नाहीत; मग कबुतरे, मुंग्या, घुशी येतात. प्रत्येकाला चार दाणे द्यावेत आणि ते जवळ जाऊन वधूवरांच्या डोक्यावर ठेवायला सांगावे. खाली चादर अंथरली की काम संपले. यात आशीर्वाद देणाऱ्याचा हात डोक्याला लागतो, हा फायदा वेगळाच. होमाची परवानगी असेल तर तांब्याचे कुंड विटांवर आणि वाळूच्या थरावर ठेवावे, शेजारी पाण्याची बादली भरलेली असावी. समिधा नीट वाळलेल्या असल्या की धूर कमी होतो. परवानगी नसेल तर लाजाहोम आणि सप्तपदी आदल्या संध्याकाळी किंवा त्याच पहाटे घरी करावी. बागेला सर्वांत सहज मानवतात ती बिनहोमाची लग्ने. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी अशी मंगलाष्टके रचली की वधू आणि वर स्वतः एकमेकांशी बोलतात. पुरोहिताची गरजच उरत नाही. बौद्ध पद्धतीच्या विवाहातही वंदना आणि प्रतिज्ञा असतात, अग्नी नसतो.

आवाजाचे नियम थोडक्यात असे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक किंवा वाद्य वाजवता येत नाही, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. पन्नास माणसांना एक सनईवाला पुरतो.

स्वयंपाक बागेत करूच नये. गॅसची शेगडी आली की काळे डाग, तेल आणि भांडी घासायचे पाणी येते. जेवण बाहेर बनवून हॉटपॉटमध्ये आणावे, आणि ते आणल्यापासून दोन तासांत पाने उठावीत असा वेळ धरावा. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, लाडू एवढ्यात पंगत भरते. जिलेबी टाळावी, पाकाला माश्या लागतात. मोतीचुराचा लाडू सुका असतो, हातात घेता येतो, उरला तर घरी नेता येतो. पाण्याचे वीस लिटरचे दहा जार लागतात, निम्मे प्यायला आणि निम्मे हात धुवायला. थर्माकोलची ताटे आणि एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि केळीच्या पानांपुढे त्यांची गरजही नाही. उष्टी पाने, द्रोण, निर्माल्य एका पोत्यात गोळा करावे. बागेत खताचा खड्डा असेल तर उद्यान विभागाला विचारून फुले आणि न उष्टावलेली पाने तिथे टाकता येतात.

निघण्याच्या आधी दोन्हीकडच्या दहा-बारा जणांनी हातभर अंतर ठेवून एका ओळीत उभे राहावे आणि जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत चालावे. टाचण्या, रबर, गजऱ्याचे दोरे, सुपारीची पाकिटे असे सगळे त्यात सापडते. खुर्च्यांच्या पायांनी दबलेल्या गवतावर पाणी मारावे. ही बाग रोज पहाटे ज्यांनी झाडली आणि शिंपली, त्या माळ्यांची आणि रखवालदाराची पाने पहिल्या यादीतच धरावीत, आणि त्यांना पंगतीत सर्वांबरोबर बसवावे.