रविवारची सायकल: पाच बागा ते गिरगाव चौपाटी

मुंबईत निवांत सायकल चालवता येत नाही म्हणणाऱ्यांनी एका रविवारी पहाटे दादर पारशी कॉलनीत यावं. पाच बागांभोवती रुंद रस्ते, डोक्यावर झाडांची सावली, गाड्या नावाला. इथे दोन फेऱ्या मारा आणि आंबेडकर रोडने दक्षिणेकडे निघा. परळ-लालबागला उड्डाणपूल नको, खालूनच चला. भारतमाता सिनेमाजवळ लाडू सम्राटची मिसळ चुकवायची नाही.

एप्रिल-मे असेल तर लालबागच्या मिरची गल्लीत थांबाच. मिरच्या निवडून, भाजून कांडपाला जातात आणि ठसक्याने अख्खी गल्ली शिंकत असते. रुमाल जवळ ठेवा!

पुढे भायखळ्याला राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ पासूनचं. जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे तिथेही खालचाच रस्ता.

गिरगावात खोताच्या वाडीत सायकल हातात धरून चाला. लाकडी जिने-सज्ज्यांची ती घरं राहती आहेत, दारात फोटोसेशन नको. जवळच केशवजी नाईकांची चाळ, १८९३ पासूनच्या सार्वजनिक गणपतीची. तिथून चौपाटी हाकेच्या अंतरावर.

सगळं मिळून दहा-बारा किलोमीटर. गिअरची सायकल लागत नाही. हेल्मेट आणि भक्कम कुलूप मात्र विसरू नका.