कणाचें माप आणि रंग



मोरचूद निळें कां व हिंगूळ तांबडा कां, असा प्रश्न वर्गांत निघाला म्हणजे "रंग हा त्या त्या पदार्थाचा गुणधर्म होय," असें उत्तर आम्ही वर्षानुवर्षें देत आलों. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, तोच पदार्थ फारच बारीक केला तर रंग पालटेल काय?" आम्ही "फार तर फिका दिसेल," असें म्हणून फळ्याकडे वळलों. तें उत्तर अपुरें होतें, हें कबूल करण्यासाठींच हा लेख.

कॅडमियम सेलेनाइड हा अर्धवाहक पदार्थ आहे. म्हणजे तो विजेस तांब्याप्रमाणें मोकळी वाट देत नाहीं, आणि काचेप्रमाणें पुरती अडवीतही नाहीं. त्याचा मोठा तुकडा काळपट दिसतो. परंतु सुमारें 2 नॅनोमीटर व्यासाचे त्याचे स्फटिक द्रवांत ठेवून त्यांवर डोळ्यांस न दिसणारे नीलातीत किरण पाडले, तर निळा प्रकाश निघतो. 6 नॅनोमीटरांच्या सुमाराचे असले तर तांबडा, आणि मधल्या मापांचे असले तर हिरवा, पिवळा वा नारिंगी. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दशलक्षांश. पदार्थ तोच, बदललें तें केवळ माप.

असें कां व्हावें? प्रकाश शोषून पदार्थांतील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर चढतो, आणि खालीं उतरतांना ती ऊर्जा प्रकाशरूपानें परत देतो. मोठ्या स्फटिकांत त्यास ऐसपैस जागा असते. अति लहान स्फटिकांत तो कोंडला जातो. इलेक्ट्रॉन लहरीप्रमाणेंही वागतो. सतारीची तार दाबून आखूड केली असतां जसा स्वर चढतो, तद्वत् कोंडलेल्या लहरीची ऊर्जा चढते आणि पातळ्यांमधील अंतर वाढतें. अंतर मोठें तर प्रकाश निळा. लहान तर तांबडा.

हा परिणाम 1981 सालीं सोव्हिएट रशियांत अलेक्सी एकिमोव्ह यांनीं रंगीत काचेंतील कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांत दाखविला. 1983 सालीं अमेरिकेंत लुई ब्रस हे द्रवांतील कॅडमियम सल्फाइडच्या कणांवर काम करीत होते. टेबलावर राहिलेल्या द्रवाचे प्रकाशगुण पालटले आहेत, हें त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. कण कालांतरानें वाढले असावेत, हें त्यांनीं ताडलें.

तथापि सर्व कण एका मापाचे करणें कठीण होतें. 1993 सालीं मौंगी बावेंडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीनशें अंशांच्या आसपास तापविलेल्या द्रवांत घटकद्रव्यें एकदम सोडलीं. क्षणांत असंख्य बीजस्फटिक उपजले. गार द्रव पडून उष्णता उतरतांच नवे उपजणें थांबलें. पुन्हां तापवितां, पाकांतील दोऱ्यावर खडीसाखर वाढावी तसे ते सर्व बरोबरीनें वाढूं लागले. हवें तें माप येतांच वाढ थांबवितां येऊं लागली. या तिघांस 2023 सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आज असे कण दूरचित्रवाणीच्या पडद्यांत रंग उजळतात. कॅडमियम विषारी असल्यामुळें त्याऐवजीं इंडियम फॉस्फाइडही वापरतात.

तो विद्यार्थी आतां शाळा सोडून गेला आहे. त्याच्या प्रश्नाचें उत्तर "होय, पालटेल" असें होतें. पुन्हां कोणी असें विचारील, तेव्हां आम्ही फळ्याकडे वळणार नाहीं.