गल्ला जुळला नाही, तर भरायचे कुणी?

पलूसच्या बाजारपेठेत रात्री आठ-साडेआठला शटर अर्धे खाली येते आणि दिवसभराचा हिशेब सुरू होतो. कापड दुकान असो, मेडिकल असो, बेकरी असो की पतसंस्थेचा काउंटर, नोटा मोजायच्या, फोनवर आलेले पैसे बघायचे आणि रोजमेळ जुळवायचा. बहुतेक दिवशी तो जुळतो. दहा-वीस रुपयांचा फरक कुणी मनावर घेत नाही. पण एखाद्या दिवशी आठ हजार कमी आले तर?

मग मालक चौघा कामगारांना समोर उभे करतो आणि म्हणतो, "कुणी घेतले ते मला माहीत नाही. प्रत्येकाच्या पगारातून दोन हजार कापणार." दहा हजारांवर काम करणाऱ्या मुलीच्या घरात दोन हजार म्हणजे महिन्याचा किराणा. तिने पैसे घेतलेले नाहीत. पण "मी का भरू?" असे विचारले, तर सगळ्यांच्या नजरा तिच्याकडेच वळतील. म्हणून ती गप्प बसते. घरचेही म्हणतात, "जाऊ दे बेटा, नोकरी टिकव."

आपल्या घरातली कितीतरी मुले-मुली दहावी-बारावीनंतर अशाच काउंटरवर उभी राहतात. कुणी पिग्मी गोळा करतो, कुणी पंपावर आहे, कुणी बेदाण्याच्या पेढीवर. रोकड हाताळणाऱ्या या मुलांना आपली जबाबदारी कुठवर आणि आपला हक कुठून सुरू होतो, हे कुणी सांगत नाही. ते आज सांगायचे आहे.

आधी जबाबदारी

हकाची भाषा करण्यापूर्वी अमानतीची भाषा आली पाहिजे. दुसऱ्याचा पैसा आपल्या हातात आला की ती अमानत झाली. सूरह निसामध्ये अमानती ज्याच्या त्याला पोहोचत्या करण्याचा स्पष्ट आदेश आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर बजावले आहे की, कामावर नेमलेल्या माणसाने सुईएवढी वस्तू जरी लपवली, तरी ती खियानत होय आणि कयामतच्या दिवशी ती घेऊन त्याला हजर व्हावे लागेल.

रोजच्या कामात याचा अर्थ साधा आहे. गल्ल्यातून 'उद्या ठेवतो' म्हणून शंभर रुपयेही घ्यायचे नाहीत. उचल हवी असेल तर मालकाला मागावी आणि वहीत लिहून घ्यावी. गल्ला ताब्यात घेताना आणि देताना समोरच्यासमोर मोजावा, आकडा लिहावा, दोघांनी सही करावी. किल्ली आणि संगणकाचा पासवर्ड मित्राला किंवा 'पाच मिनिटांसाठी' कुणालाही देऊ नये. गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचा फोटो दाखवते तेव्हा दुकानाच्या खात्यावर रक्कम जमा झाल्याची खात्री करूनच माल द्यावा. आणि पैसे कमी दिसले की त्याच क्षणी सांगावे. रात्रभर लपवून ठेवलेली गोष्ट सकाळी खरी असली तरी खोटी वाटते.

नुकसान आणि निष्काळजीपणा

आता मूळ प्रश्न. पैसे गेले म्हणजे ज्याच्या हातात होते त्याने ते भरलेच पाहिजेत का?

आपल्या फिकहमध्ये याचे उत्तर शेकडो वर्षांपूर्वी दिले आहे. पगारावर एका मालकाचे काम करणारा माणूस 'अमीन' मानला जातो, म्हणजे विश्वस्त. विश्वस्ताच्या हातून अमानत हरवली, तर त्याने हद्द ओलांडली किंवा हयगय केली असेल तरच त्याच्यावर भरपाई येते. त्याने नेहमीची काळजी घेतली असेल आणि तरीही चोराने डाव साधला असेल, तर भरपाई त्याच्याकडून घेता येत नाही. नुकसान मालकाचे, कारण नफाही मालकाचाच.

देशाचा कायदाही हेच म्हणतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हे तत्त्व होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ लागू झाली, तिच्यातही ते कायम आहे. कामगाराकडे हिशेबासाठी सोपवलेली रक्कम गेली आणि ती थेट त्याच्याच दुर्लक्षामुळे किंवा कसुरीमुळे गेली, तरच पगारातून कपात करता येते. कपात नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही. कपातीपूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. कपातीची नोंद ठेवावी लागते. आणि सगळ्या प्रकारच्या कपाती मिळून त्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

या कसोटीवर ते आठ हजार ठेवून पाहा. गल्ला एका मुलाच्या ताब्यात होता आणि तो उघडा टाकून तो चहाला गेला, तर त्याचा जाब त्याला द्यावा लागेल. पण वसुली घेऊन निघालेल्या मुलाची पिशवी दोघांनी मोटारसायकलवरून येऊन हिसकावली, तर त्यात त्याची हयगय कोणती? आणि 'चौघांत वाटून टाका' हा हिशेब तर कुठेच बसत नाही. त्यात चोर असेल तर तो दोन हजारांत सुटतो आणि तिघे निरपराध दंड भरतात.

मालक रागाने कामावरून काढतो आणि राहिलेला पगारही अडकवून ठेवतो, असे पुष्कळदा घडते. कामावरून काढले किंवा कामगाराने स्वतः सोडले, तरी देय पगार कामाच्या दोन दिवसांत देणे संहितेने बंधनकारक केले आहे. बेकायदा कपातीविरुद्ध तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. त्यासाठी आपल्याला सांगलीच्या कामगार कार्यालयात जावे लागेल.

मागच्या खोलीतली चौकशी

यापुढची गोष्ट अधिक नाजूक आहे. चोरी झाली की काही ठिकाणी पोरांना गोदामात किंवा मागच्या खोलीत बसवतात, दार लावतात, 'कबूल कर नाहीतर पोलिसात देतो' म्हणतात आणि कागदावर सही घेतात.

चोरी झाली असेल तर पोलिसांत तक्रार देणे हा मालकाचा हक आहे आणि तोच सरळ मार्ग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या मालाची चोरी केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कामगाराला खोलीत कोंडून ठेवण्याचा हक कुठल्याही मालकाला नाही, तो स्वतंत्र गुन्हा आहे. स्त्रीची झडती स्त्रीच घेऊ शकते. अपवाद वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अटक झालेल्या कुणालाही, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते आणि वकील भेटू द्यावा लागतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

म्हणून मुलांना एवढे पक्के शिकवा: चौकशीला सहकार्य करायचे, जे पाहिले ते खरे सांगायचे, पण कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर किंवा न वाचलेल्या मजकुरावर सही करायची नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाब नॅशनल बँकेच्या एका शिपायाचा खटला आला होता. शाखेतले ड्राफ्टचे पुस्तक गहाळ झाले, पोलिसांपुढचा त्याचा कथित कबुलीजबाब पुढे करून बँकेने त्याला बडतर्फ केले. न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. खात्यांतर्गत चौकशीतही आरोप पुराव्याने सिद्ध करावा लागतो, नुसते कागद हजर करून भागत नाही, असे न्यायालयाने सांगितले. १९९९ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणातही असेच झाले. घरात सोने सापडल्याचा आरोप, निलंबन, निर्वाह भत्ता बंद, त्यामुळे चौकशीला जायलाही पैसे नाहीत आणि एकतर्फी बडतर्फी. फौजदारी न्यायालयात तो निर्दोष सुटला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फीही टिकू दिली नाही. आपल्या महाराष्ट्रातला नियम तर आणखी कठोर होता. शिक्षा झालेल्या निलंबित कर्मचाऱ्याला अपील चालू असताना महिना एक रुपया भत्ता! १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. उपाशी माणूस आपली बाजू मांडू शकत नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण आहे.

चिलखताची गोष्ट

मदीनेत एका मुस्लिम म्हणवणाऱ्या माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुदी माणसावर आणला. त्याच्या टोळीचे लोक आपल्या माणसाची बाजू घेऊन प्रेषितांकडे (स.) आले. बाजू आपल्यांची आणि आरोपी परका, निर्णय सोपा वाटत होता. त्यावेळी सूरह निसाच्या आयती अवतरल्या, असे भाष्यकार सांगतात. त्यांनी यहुदी माणसाला निर्दोष ठरवले, खियानत करणाऱ्यांची वकिली करण्यास मनाई केली आणि आपला गुन्हा निरपराधावर ढकलणाऱ्याच्या माथी तोहमतीचे ओझे ठेवले.

हा धडा दोन्हीकडून लागू होतो. दुकानात काही गेले की पहिला संशय झाडूवाल्या बाईवर, नव्या पोरावर किंवा वेगळ्या नावाच्या माणसावर जातो. आपल्या मुलांनी हे सोसले आहे, म्हणून आपल्याला ते चटकन कळते. पण आपली दुकाने आहेत, आपल्या घरी मोलकरणी आहेत, तेव्हा आपण काय करतो? आणि आपल्याच मुलाने खरोखर हात मारला असेल, तर मोहल्ल्याने त्याच्या पाठीशी उभे राहायचे की त्याला पैसे परत करायला लावायचे? आयत दुसरा रस्ता दाखवते.

चुकलेल्याचे पुढे काय

पैसे परत झाले, शिक्षा भोगली, तरी 'चोर' हा शिक्का राहतोच. याबाबत पलूसकरांना लांब जायला नको. शेजारच्या किर्लोस्करवाडीची उभारणी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या जमिनीवर झाली. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंगातून सुटून आलेल्या गुन्हेगारांना कामावर घेतले, तेही रात्रीचे पहारेकरी म्हणून. ज्याच्यापासून माल राखायचा, त्याच्याच हाती माल राखायला दिला. आपल्याच तालुक्यातले हे उदाहरण मालकांनी लक्षात ठेवावे. पहिल्या चुकीला माफी द्यायची की तक्रार, हे मालकाने ठरवावे, पण पश्चात्ताप केलेल्या पोराला गावभर बदनाम करून त्याची रोजी कायमची तोडू नये.

आज करण्यासारखे

दुकानदार बंधूंनो, गल्ला कुणाच्या ताब्यात, किल्ली कुणाकडे, मोजणी कधी आणि फरक आला तर काय, एवढे अर्ध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश देणाऱ्या दीनचे आपण लोक आहोत.

कामगारांनो, कपातीची भाषा झाली तर आवाज न चढवता लेखी विचारा: माझी हयगय कोणती? उत्तराची प्रत जपून ठेवा. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत कायदेशीर मदत मिळते.

आणि घरच्यांनो, मुलगी रात्री उतरलेल्या चेहऱ्याने घरी आली तर "नोकरी टिकव" म्हणण्याआधी काय झाले ते पूर्ण ऐकून घ्या. तिने पैसे घेतले नसतील, तर दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दुकानात जा आणि मालकाशी शांतपणे बोला. अल्लाह आपल्याला अमानत राखण्याची आणि इन्साफाने बोलण्याची तौफीक देवो. आमीन.